धोंड्याच्या महिन्यातला दौरा

त्या संध्याकाळी आवाजाचं मशीन मी चालूच केलं नव्हतं. एवढं एक साधं वाक्य, पण ते लिहायला मला आठ उन्हाळे लागले. चूक तेवढीच असती तर कदाचित खपूनही गेली असती. माणूस विसरतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेमंतच्या तोंडावर म्हणालो, "काल तुझा आवाज लागला नाही." हे मी विसरून बोललो नव्हतो. ते मला सुचलं होतं.

यंदा पुन्हा ज्येष्ठ अधिक आला आहे. लोक त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. आम्ही लग्नाचे व्हिडिओ काढणारे त्याला रिकामा महिना म्हणतो. पिंप्राळ्यातल्या माझ्या स्टुडिओचं शटर दुपारी अर्धं खाली असतं. कॅमेरे कपाटात, बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं कारण नाही. शेजारच्या घरी जावई जेवायला आलेला असतो, अनारशांचा तुपकट वास भिंत ओलांडून येतो आणि बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं उभं असतं. मधल्या वर्षांत अधिक दोनदा येऊन गेला, पण तो चातुर्मासात, तेव्हा तारखा तशाही नसतात. ऐन लग्नसराई कापून टाकणारा अधिक आठ वर्षांनी आला. गेल्या वेळी तो आला तेव्हा याच शटरखालून वाकून तीन मुलं आत आली होती.

हेमंत पहूरचा. घरची केळी आणि कपाशी, आणि स्वतः गणितात पदवी घेतलेला. तुषार दीपनगरचा, वडील तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात. साजिद धुळ्याचा, त्याचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. तिघांनी मिळून बँड काढला होता, नाव 'राखुंडी'.

"नाना, अधिकात मोकळे असाल ना?" हेमंतने विचारलं.

"मोकळाच आहे. का?"

"आम्ही पण अधिकातच दौरा काढतोय. सगळी मंगल कार्यालयं रिकामी पडलीत."

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे असे चार कार्यक्रम होते. प्रत्येकाचा व्हिडिओ काढायचा आणि इंटरनेटवर सोडायचा. कुठलं संगीत म्हणून मी विचारलं तर साजिद म्हणाला, "ब्लॅक मेटल. नाना, घाबरू नका, फक्त नाव तसंय. आवाज त्याहून वाईट आहे."

जळगावच्या कार्यालयाच्या मॅनेजरने विचारलं होतं, "वाद्यवृंद म्हणता, मग नाचगाणं आहे का?" त्यावर साजिदचं उत्तर, "नाही काका, याच्यावर कोणाला नाचता येत नाही."

खरंच येत नव्हतं. तुषारची गिटार अशी की मधमाश्यांचं मोहोळ उठलंय. ड्रम एका दमात, मधे श्वास नाही. साजिद म्हणायचा, मी अब्बाच्या हातोडीखाली मोठा झालोय, मला हा वेग शिकवावा लागला नाही. आणि या सगळ्यावर हेमंतचा आवाज. त्याला गाणं म्हणावं का, हे मला आजही ठरवता येत नाही. विहिरीत पडलेलं जनावर वर बघून ओरडतं, तसं काहीतरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

कार्यक्रमाआधी तिघं तोंडं रंगवायचे, प्रेतासारखी. त्या संगीताची रीतच आहे म्हणे. परदेशात त्यासाठी पांढरा रंग मिळतो. यांनी दीपनगरची राख घेतली होती. तुषारची आई रोज सकाळी गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे झटकायची आणि कठड्यावरची राख पुसायची. तीच तुषारने डब्यात साठवलेली, खोबरेल तेलात कालवायची आणि चेहऱ्यावर लावायची. डोळ्यांभोवती काजळ. राख खाजायची, घामाबरोबर ओठांत जायची. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ तुषारची होती. त्याच्या आजीच्या अहिराणीत, नुसते तीन शब्द: 'बठ्ठं राख शे.' सगळं राख आहे. हेमंत ती ओळ संपूच द्यायचा नाही. शेवटचा 'शे' तो ओढत न्यायचा, अंगातली हवा संपेपर्यंत.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. लग्नाच्या व्हिडिओत आवाज लागत नाही. आम्ही तो फेकून देतो. भटजींचे मंत्र, बायकांची कुजबुज, मुलीच्या बापाचं आवंढे गिळणं, हे सगळं कॅमेऱ्यात येतं आणि आम्ही ते बंद करून वरून गाणं टाकतो. कोणाचा चेहरा कुठेही जोडतो. जेवताना हसलेली आत्या मंगलाष्टकांच्या वेळी हसताना दाखवतो. वीस वर्षं मी हेच केलं होतं. माणसांचं तोंड हलताना बघायचं, ऐकायचं नाही, ही माझ्या हाताला लागलेली सवय होती.

म्हणून हेमंतने पहिल्याच दिवशी एक अट घातली. "नाना, वरून काही टाकायचं नाही. चुकलं तर चुकलेलं ठेवा. जे झालं तेच."

जळगावचा व्हिडिओ मी माझ्या पद्धतीने जोडून दाखवला. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. तिघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग साजिद म्हणाला, "नाना, बहोत खूब. नवरी कोणती, हेमंत का तुषार?" त्या दिवशी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. पाकळ्या काढल्या. भुसावळच्या वेळी मला थोडं कळायला लागलं होतं आणि चाळीसगावला तर मी शेवटच्या गाण्यात कॅमेरा हलवायचंच विसरलो. नुसता ऐकत राहिलो. ते तिन्ही व्हिडिओ इंटरनेटवर गेले. फार कोणी पाहिले नाहीत, पण मुलं खूश होती.

आवाजासाठी तुषारने एक लहान मशीन आणलं होतं, तळहाताएवढं. लाल बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, म्हणजे मशीन तयार. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, म्हणजे आवाज भरला जातोय. तुषारने हे मला तीनदा समजावलं होतं.

धुळ्याचा कार्यक्रम अधिकाच्या अमावास्येला होता. मृग लागून गेला होता तरी पावसाचा पत्ता नव्हता. हवा दमट, अंगाला चिकटणारी. कार्यालयाच्या स्टेजवर थर्मोकोलचं 'शुभविवाह' भिंतीला कायमचं चिकटवलेलं. त्यावर साजिदने काळं कापड ठोकलं. चाळीसेक मुलं जमली होती. पुढच्या खुर्चीवर साजिदचे अब्बा, पांढऱ्या टोपीत, मांडीवर हात ठेवून. पहिलं गाणं झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गाने का पता नहीं, पर लडका ठोकता अच्छा है."

मी बटण एकदा दाबलं होतं. दिवा लुकलुकत होता. पूर्ण संध्याकाळ तो माझ्या कोपराशी लुकलुकत राहिला. मला तो दिसत होता आणि मला वाटत होतं, चालू आहे.

शेवटच्या ओळीला हेमंतने डोळे मिटले. तो 'शे' किती वेळ चालला ते मला सांगता येणार नाही. गिटार थांबली, ड्रम थांबले, तरी तो चालू होता. तोंडं रंगवलेली, ओरडायला आलेली ती चाळीस पोरं एकदम गप्प झाली. एक जण खाली बसला. आवाज संपला तेव्हा छताच्या पंख्याची घरघर ऐकू आली, म्हणजे तोपर्यंत ती कोणाला ऐकूच येत नव्हती. हेमंत खाली उतरून सरळ माझ्याकडे आला. राखेतून घामाचे ओघळ.

"नाना, आलं ना?"

"आलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साजिदच्या गच्चीवर मी मशीनचं कार्ड लॅपटॉपला लावलं. चाळीसगावचं सगळं होतं. धुळ्याचं काहीच नव्हतं. कॅमेऱ्यात आवाज होता, पण कॅमेऱ्याच्या त्या इवल्याशा माइकला एवढा गदारोळ सोसला नव्हता. सगळं फाटलेलं, नुसती फरफर. मी तीन वेळा कार्ड काढून परत घातलं. खाली गल्लीत पत्रा ठोकायला सुरुवात झाली होती.

हेमंत चहाचे दोन कप घेऊन वर आला. आवाज जड झालेला, बोलताना मधेच हात गळ्याशी जात होता. "दाखवा की," म्हणाला.

मी लॅपटॉप मिटला. मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस, ती मला नाना म्हणणारी पोरं, आणि वीस वर्षांच्या धंद्यात बटण दाबता आलं नाही हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. एवढीच लाज होती. एवढ्याशा लाजेपायी मी म्हणालो, "हेमंत, राग मानू नको. काल तुझा आवाज लागला नाही. शेवटी तर पार बसलाच. पुन्हा घ्यावं लागेल."

त्याने कप कठड्यावर ठेवला. "मला तर वाटलं..." एवढं बोलून थांबला. नंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ऐकवा, असंही म्हणाला नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

"ठीक आहे," म्हणाला. "आजच घेऊ."

मला विचारणारा एकटा साजिद होता. "नाना, मशीनची बत्ती रातभर लुकलुकत होती, तशीच असते का?"

"तशीच असते," मी म्हणालो. एका खोट्याला दुसरं लगेच येऊन चिकटलं.

"फिर भी, इसका गला देखो. परवा करू."

"परवा मला जमणार नाही." अधिक संपला होता, तारखा सुरू झाल्या होत्या. कार्यालयात सजावटवाले शिरले होते आणि मला त्याच संध्याकाळी जळगावात एक हळद शूट करायची होती.

मग साजिदच्या चाचांची बंद पडलेली यंत्रमागाची शेड. वर पत्रा, दुपारचा एक. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून दारं लावली, घरघर नको म्हणून पंखा बंद केला. तेच कपडे, तीच राख. गर्दी मी आदल्या दिवशीची जोडणार होतो, त्यात मी तरबेज होतो. या वेळी बटण दोनदा दाबलं. दिवा स्थिर, निखाऱ्यासारखा.

हेमंत सगळी गाणी गायला. आदल्या दिवशीची भरपाई करायची म्हणून दुप्पट जोराने. गाण्यांच्या मधे कोमट पाणी प्यायचा आणि माझ्याकडे बघायचा: ठीक आहे ना? मी मान हलवायचो. शेवटच्या ओळीला 'बठ्ठं' आलं, 'राख' आलं आणि 'शे'वर काहीतरी फाटलं. मांडवाचं कापड टरकावं तसा कोरडा आवाज झाला आणि पुढे नुसती हवा. तोंड उघडं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि आवाज नाही. तो खाली बसून थुंकला. थुंकीत लाल होतं.

मी कॅमेरा हलवला नाही. हेही लिहिलंच पाहिजे. मला वाटलं, काय शॉट मिळाला.

साडेतीनला मी गाडीत बसलो. संध्याकाळी हळदीत बायका गात होत्या, हसत होत्या. मी त्यांची तोंडं टिपली आणि आवाज नेहमीप्रमाणे फेकून दिला.

हेमंतच्या स्वरतंतूंतून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी महिनोन् महिने मौन सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या हातात शाळेची पाटी होती. तो लिहायचा, पुसायचा, लिहायचा. निघताना त्याने मला थांबवून लिहिलं: 'नाना, बरं झालं तुम्ही खरं सांगितलं. दुसरं कोणी बोललं नसतं.' मी ते वाचलं, मान हलवली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. एक चप्पल उलटी घातली होती, ते बसस्टँडवर कळलं.

धुळ्याचा व्हिडिओ चालला. जे तीन व्हिडिओ खरे होते ते पडून राहिले आणि हा, जोडलेला, दूरदूर पोचला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं खाली लिहायची. त्या शेवटच्या आवाजाने झोप उडाली, असं एकाने लिहिलं. असा आवाज काढायला काय साधना लागत असेल, असं दुसऱ्याने. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने त्याच्या कॅसेटी काढल्या, वेष्टनावर हेमंतचा उघडा जबडा. पुण्याहून, बंगळूरहून बोलावणी आली. तोवर बँड संपला होता. हेमंतचा आवाज परत आला, पण अर्धाच, चाळणीतून आल्यासारखा. स्टुडिओत एकटा असलो की मी त्या प्रतिक्रिया वाचायचो. प्रत्येक कौतुक एका जखमेचं होतं, आणि जखम कोणी केली हे फक्त मला ठाऊक होतं.

या ज्येष्ठात साजिदचा फोन आला. आता तो अब्बांचं दुकान बघतो. कॅसेटी काढणाऱ्या त्याच कंपनीला दौऱ्याचे चारही कार्यक्रम पूर्ण काढायचे होते. मूळ आवाजासकट.

"हेमंत नाही म्हणतोय, नाना. म्हणतो, तीन काढा, धुळ्याचं माझं नाव लावून काढू नका. तिथे मी कमी पडलो होतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कायम नोकरीच्या मुलाखतीला पण दोनदा नाही गेला. म्हणतो, ऐन वेळी माझं जातं. धुळ्याला गेलं होतं तसं. नाना, सुन रहे हो?"

ऐकत होतो. मी धरून चाललो होतो की मी त्याचा गळा बिघडवला. गळ्यापलीकडे काय बिघडवलं ते मला त्या फोनवर कळलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी पहूरला गेलो. हेमंत घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शिकवणी घेतो. कमरेला एक छोटा स्पीकर बांधलेला, कानामागून गालावर आलेला माइक. पोरं त्याला भोंगा सर म्हणतात. बाहेर दोघं एकमेकांना म्हणत होती, "आज भोंग्याची बॅटरी उतरेल बघ, दोन गणितं वाचतील." त्याची आई, अक्का, दारात तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये नाना. पण त्याले जास्त बोलायले नको लावू, रात्रीलोक घसा धरतो."

पोरं गेली. हेमंतने माइक काढला नाही, बोलताना त्याला तो लागतोच. मी बसलो आणि आधी ठरवलेलं सगळं विसरून एवढंच म्हणालो, "धुळ्याला मी मशीन चालू केलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. एकदा दाबलेलं बटण, रिकामं कार्ड, गच्ची, चहा. तो खडू बोटांत फिरवत होता, त्याची पूड फरशीवर पडत होती.

मग कमरेच्या स्पीकरमधून आवाज आला. "म्हणजे त्या दिवशी आलं होतं?"

"आलं होतं."

मी लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्यातला तो फाटका आवाज मी कधी पुसला नव्हता. का, ते माहीत नाही. कदाचित आमच्यासारख्याने जपून ठेवलेला तो एकच आवाज असेल. शेवटचं गाणं लावलं. फरफर, फरफर, त्यात मधमाश्या, हातोड्या. मग वाद्यं थांबली तशी फरफर विरत गेली आणि खालून त्याचा 'शे' वर आला. धूळ बसलेल्या काचेतून दिसावा तसा, पण अख्खा. चालला, चालला. संपल्यावर पंख्याची घरघर. आणि मग त्याचाच आवाज, सव्वीस वर्षांचा, जवळून: "नाना, आलं ना?" आणि माझा: "आलं."

हेमंतने माइक कानावरून काढून बाकावर ठेवला. अक्का दारात येऊन उभी होती, सूप हातात तसंच. "हा कोन रे?" तिने विचारलं. "हा तर आपला हेमंत व्हय."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हणालो, "हेमंत, माझं चुकलं."

तो वळला. माइक नव्हता, म्हणून मला अगदी जवळ जावं लागलं. राग आला की तो घरच्या बोलीत बोलायचा.

"मले एकट्याले नका सांगू, नाना. खोलीत बसून सांगाल अन् मोकळे व्हाल. जठी माझा फाटेल आवाज लोकं ऐकू राह्यले, तठी लिहा. तुमच्या नावानं."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. पण मी निघताना त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि ती फाइल ठेवून घेतली. अक्काने मला चहा दिला नाही. पहिल्यांदाच.

त्याच दिवशी परत येऊन, शटर अर्धं खाली असताना, धुळ्याच्या व्हिडिओखाली मी हे लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि साजिद-तुषारला पाठवलं:

'हा व्हिडिओ खरा नाही. गर्दी एका दिवसाची आहे, आवाज दुसऱ्या दिवसाचा. मूळ कार्यक्रमात आवाजाचं मशीन मी चालू केलं नव्हतं. ते लपवण्यासाठी मी गायकाला सांगितलं की त्याचा आवाज लागला नाही, आणि गळा दुखत असताना त्याला पुन्हा गायला लावलं. तुम्ही शेवटी जे ऐकता ती कला नाही, ती त्याला झालेली इजा आहे. ती मी केली. त्या संध्याकाळी तो कमी पडला नव्हता. तिथे चाळीस माणसं होती, त्यांनी ऐकलं. हेमंत, तू गायलास ते पूर्ण होतं. मी खोटं बोललो. मला माफ कर.'